सगळी बंदरं बंद

त्या काळात जगातला सर्वांत सुरक्षित संगणक मालवणात होता आणि तो माझ्या भावोजींच्या माजघरात होता, हे मी कुणाहीसमोर छातीठोकपणे सांगेन. त्यात काही चोरण्यासारखं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

भावोजी सावंतवाडीच्या सरकारी कचेरीतून निवृत्त होऊन घरी आले आणि कुठल्याशा मासिकाबरोबर फुकट मिळालेल्या सीडीवरून त्यांनी संगणकावर विंडोजच्या जागी लिनक्स चढवलं. चढवलं म्हणजे चढवतच राहिले. एकदा सगळं बसलं की ते परवलीचा शब्द बदलत. तो इतका अवघड असे की दोन दिवसांनी त्यांनाच आठवत नसे. लिहून ठेवणं हा त्यांच्या लेखी गुन्हा. मग सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून. यंत्राचा खरा मालक म्हणजे ‘रूट’, पण मालकानेही रोज मालक म्हणून वावरू नये असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. म्हणून स्वतःसाठी त्यांनी एक साधं खातं उघडलं आणि त्याला इतके कमी अधिकार दिले की एके दिवशी त्यांनीच लिहिलेलं पत्र त्यांना उघडेना. दुसरा माणूस चिडला असता. भावोजींचा चेहरा खुलला. "बघ, माका सुद्धा सोडूक नाय," ते मला अभिमानाने म्हणाले.

यंत्रात बाहेरून शिरायच्या वाटांना पोर्ट म्हणतात. भावोजी समुद्रकाठचे, ते सरळ ‘बंदरां’ म्हणत आणि फायरवॉल लावून त्यांनी ती एकूण एक बंद केली होती. खेळ काढून टाकले, गाणी काढून टाकली, धोका तिथूनच येतो म्हणून इंटरनेटची पानं दाखवणारा ब्राउझरही काढला. मग यावर काम काय करणार, असं मी विचारलं, तर म्हणाले, "आधी कडी-कोयंडो, मगे सामान." इंटरनेट लागे ते फक्त सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या उतरवायला. त्या घरच्या टेलिफोनच्या तारेवरून मुंगीच्या पावलांनी येत आणि तोवर फोन दिवसभर अडकलेला असे.

अशाच एका दिवशी मस्कतला माझी भाची बाळंत झाली. जावई सकाळपासून फोन लावत होता. शेवटी त्याने शेजाऱ्यांकडे फोन केला. शेजारची मासे विकणारी काकी टोपली डोक्यावर तशीच घेऊन अंगणात आली आणि मुलगा झाल्याचं तिने ताईला सांगितलं. म्हणजे आजी झाल्याची बातमी माझ्या बहिणीच्या आधी अर्ध्या वाडीला कळली होती. ताईने काकीच्या हातावर साखर ठेवली, आत आली आणि भावोजींना शांतपणे म्हणाली, "सगळी बंदरां बंद केलास. आता पोरीन होडी लावची खंय?"

मग ती त्यांच्याशी बोलेनाशी झाली. जेवण वेळेवर वाढी, पण शब्द नाही. भावोजींनी मला खुणेने बोलावलं आणि ब्राउझर परत बसवायला घेतला. जावयाने बाळाचा फोटो ईमेलने पाठवला होता. यंत्राला द्यायचे नेहमीचे हुकूम त्यांच्याकडून दोनदा चुकले. दुसऱ्या दिवशी दुपारी फोटो उघडायला लागला. ताई ओल्या हातांनी येऊन मागे उभी राहिली.

फोटो वरून खाली, पट्ट्यापट्ट्याने उतरत होता. आधी दुपट्याची कड, मग काळंभोर जावळ, मग कपाळ. भुवयांपर्यंत आला आणि फोनची लाईन तुटली. भावोजी पुन्हा जोडायला वाकले, तेवढ्यात ताईने पडद्यावर बोट ठेवलं.

"कपाळ तुमचाच आसा," ती म्हणाली.

भावोजींचा हात कळफलकावर तसाच राहिला. उरलेला चेहरा संध्याकाळी आला, सुंदरच होता. पण आज दोघंही नाहीत आणि मला आठवतात ती भुवयांपर्यंतच्या नातवासमोर खुर्ची सरकवून शेजारी शेजारी बसलेली, पुढचं उतरवायची घाई नसलेली.