अंग न झाडलेलं बकरं

हिंगणीतल्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारख्या तिथून उठून गेलेल्यांनो, मी सिंगापूरला निघाले त्या सकाळी आमच्या अंगणात मटण शिजायचं होतं. मसाला वाटून तयार, पाहुणे हात धुऊन बसलेले, नवरा खिशातली तिकिटं काढकाढून बघणारा, आणि मधोमध हळदकुंकू लावलेलं एक काळं बकरं.

रीत तुम्हाला ठाऊक आहे. इथल्या शेजाऱ्यांना ती सांगताना मात्र मी मुद्दाम आवाज बारीक करते, दिवा असेल तर तोही मंद करते. बकऱ्याच्या पाठीवर पाणी शिंपडायचं आणि थांबायचं. त्यानं अंग झाडलं की ते हो म्हणालं. घाई असलेले लोक सरळ कानात पाणी ओततात, मग ते झाडतंच. तांब्या धरायचा मान माझ्या बाबांचा. वांगी पिकवून, सांभाराच्या हिरव्या जुड्या बांधून सेलूच्या बाजारात नेणारा हा माणूस बकऱ्याच्या कानात थेंब जाऊ देत नसे. "तुझा बाप बकऱ्याले इचारून राह्यला," म्हणून काका मला चिडवायचे.

त्या सकाळी बाबांनी पाणी शिंपडलं. बकरं हललं नाही. पुन्हा शिंपडलं. थंडीत त्याच्या ओल्या पाठीतून वाफ निघत होती, आणि ते एकटक माझ्याकडे बघत होतं. पाहुण्यांची कुजबुज थांबली. काकांनी हळूच कानाकडे बोट केलं. बाबांनी मान हलवून रिकामा तांब्या झटकला, त्यातले चार थेंब माझ्या मानेवर उडाले आणि मी पायापर्यंत शहारले. सगळे हसले. बाबा हसले नाहीत, माझ्याकडे बघत राहिले.

"पोरगी हो म्हनते," ते म्हणाले. "जाऊ द्या हिले. अन् त्याले सोडा."

पाहुणे मटणाच्या मसाल्यात शिजवलेली वांगी खाऊन, नाकं मुरडत गेले. मीही गेले. बकरं राहिलं. पुढे आई फोनवर सांगायची, भर पावसातही ते अंगणात तसंच उभं असतं, निथळत. गावातली पोरं पैज लावून त्याच्यावर बादल्या उलट्या करायची. म्हातारं होऊन मेलं ते, पण अंग झाडताना त्याला पुन्हा कुणी पाहिलं नाही.

माझ्या लेकीला, रेवाला, ही गोष्ट मी तिच्या लहानपणी इतकी रंगवून सांगितली की तिनं मटणच सोडलं. आता ती इथं एका लॅबमध्ये मटण पिकवते. जिवंत बकऱ्याच्या चिमूटभर पेशी घ्यायच्या आणि त्या वाढवायच्या, बकरं तिकडे फार्मवर चरत असतं. तिचं एकच म्हणणं होतं, पहिला घास आबांनी, म्हणजे माझ्या बाबांनी, खायचा. त्यांनी खाल्ला तर ती खाणार, आणि मग आपलं काम खरं आहे असं मानणार.

बाबा गेल्या वर्षी आले. चपला काढून, पायांत प्लास्टिकचे निळे मोजे चढवून, देवळात शिरावं तसे लॅबमध्ये शिरले. काचेच्या बशीत, गुलाबी पाण्यात, बोटभर मांस होतं आणि ते थांबून थांबून थरथरत होतं. डोळे नाहीत, पाय नाहीत, पण अंग झाडणं चालूच.

"बघा आबा," रेवा हरखून म्हणाली, "हो म्हणतंय."

बाबांनी बशीला जोडलेल्या तारांकडे बोट दाखवून, हे काय म्हणून विचारलं. तिनं सांगितलं, हलका करंट आहे. त्यानं मांसाला पीळ येतो, नाहीतर नुसता लगदा होतो.

"म्हंजे कानात पानी घातलं तुमी."

रेवाचा चेहरा उतरला. मग तिनं बटण बंद केलं. थरथर थांबली. आम्ही तिघं वाकून बघत राहिलो. कुठेतरी यंत्राची घरघर. एसीचा गार झोत मानेवर आला आणि मी शहारले. बाबांनी बशीवरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं, अगदी त्या सकाळसारखं. बशीतलं मांस हललं नव्हतं.

किती वेळ थांबायचं, रेवानं विचारलं.

"ते सांगन तवा. घाई कोनाले हाय, माय?"

त्यांनी घास घेतला नाही. तिला रागावलेही नाहीत. जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवून गेले.

आता रेवा रोज घरी निघण्याआधी करंट बंद करते आणि थोडा वेळ बशीपाशी उभी राहते. सोबतच्यांना वाटतं, यंत्र तपासते. मला मेसेज येतो: आज नाही. एकदा मी विचारलं, आणि हललं तर? म्हणाली, आबांना फोन करेन. पुढचं तिलाही ठाऊक नाही.

तुम्ही विचारता, घर आठवतं का. मला ते अंगण आठवतं, जिथं नाही म्हटलेल्याला ठेवून घेतलं आणि हो म्हटलेलीला वाटेला लावलं. हल्ली शॉवरचा पहिला गार फवारा मानेवर पडला की मी दात आवळून, भिंत धरून उभी राहते. शहारायचं नाही.

अजून एकदाही जमलेलं नाही.