गोटेमामीचा सुलेमानी

गोटेमामी कुठलाही खडा आधी गालाला लावायची. गिऱ्हाईक किंमत विचारत असायचं आणि ही डोळे मिटून, दाढ दुखत असल्यासारखी बसलेली. मग निकाल यायचा, "गरम होऊन राहिला. काच आहे हे."

मामांच्या मागे गोंदियाच्या बाजारातलं अंगठीच्या खड्यांचं दुकान तिनेच चालवलं. कॉलेजच्या सुट्टीत मी गोंदियाजवळ कुडव्याला तिच्या घरीच असायचे. तिचा जीव पट्टेदार हकीकावर. बाजार त्याला सुलेमानी म्हणतो. "पट्टे मोजू नको, त्यायची चाल पाह्य," म्हणायची. खऱ्या खड्यात पट्टे कुठे दाटतात, कुठे विरळ होतात. रंगवलेल्यात रंग भेगांत जाऊन बसतो. ते उन्हात धरून बघायचं, आणि मी चुकले की चारचौघांत ऐकायचं, "कॉलेजात काय जेवाले जातेस?"

एका बाईला मुलाच्या नोकरीसाठी खडा हवा होता. आम्ही बौद्ध, असलं काही न मानणारे, आणि मामी तर त्यात सवाई. "गोट्यानं नोकरी लागत असती तं मी इथं काऊन बसली असती? त्याले अभ्यासाले बसव. सुंदर वाटत असल तं घे." बाईने हसत घेतला. धंद्याची ही रीत मी दुसरीकडे पाहिली नाही.

पुढे साखरेच्या आजाराने तिची नजर गेली. नागपूरला राहणारा तिचा मुलगा म्हणाला, दुकान विकू. "गाल शाबूत आहे ना माहा!" मामी म्हणाली. पण गालाला काच कळते, पट्टे कळत नाहीत, हे तिलाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी तिने गळ्यातला सुलेमानी काढून माझ्या हातावर ठेवला. मामांनी लग्नात दिलेला. "काय दिसते, सांग. चुकलीस तं दुकान विकून टाकतो."

मी दारात उन्हाला धरला. "काळा, मग जाड पांढरा. मध्ये केसाएवढी मधाच्या रंगाची रेघ. मग पुन्हा पांढरा."

"रेघ नाही त्यात."

"आहे, मामी."

"नीट पाह्य."

खडा फिरवून पुन्हा उन्हाला धरला, रेघ होती. मी तेच सांगितलं. मामीने खडा परत घेऊन बराच वेळ गालाला धरला.

"एवढी वर्षं गळ्यात आहे, मले कधी दिसली नाही थे," ती म्हणाली, आणि कमरेची किल्ली माझ्या हातावर ठेवली.

आता मामी नाही. दुकान मी चालवते, सुलेमानी माझ्या गळ्यात असतो. उन्हात ती रेघ दिसली की अजून जीव कळवळतो. तिच्या डोळ्यांत उजेड होता तेव्हाच मला ती सापडायला हवी होती.