खळवाल्याने भिंत सोलली

आमच्या वस्तीतल्या खळवाल्याच्या उजव्या हाताची मूठ आता वळत नाही. विचारलं की लोक सांगतात, शिडीवरून पडला. साफ खोटं. त्याचा हात मोडला भर दुपारी, बसथांब्यावरच्या चाळीसेक माणसांदेखत. त्यातल्या निम्म्यांना मी घरी जाऊन गाठलं, तोंड उघडायला लावलं, म्हणून खात्रीने लिहितो.

खळवाला मोठमोठ्या जाहिराती भिंतींवर चिकटवायचा. वीस वर्षं. पिठाची खळ स्वतः शिजवायचा, एक गाठ राहू द्यायचा नाही. आम्ही काळे, दाट कुरळ्या केसांचे, रुंद नाकाचे. पुलापलीकडे गोरे. त्यांच्या चौकातली तिमजली भिंत त्याच्याकडे होती. जाहिरात बारा तावांत यायची, प्रत्येक तावाच्या पाठीवर आकडा. आकडा बघायचा, खळ फासायची, ताव लावायचा, कुंचा फिरवायचा. जुना कागद काढायचा नाही, नवा त्याच्यावरच. भिंतीला नाक लावून उभ्या माणसाला गाल म्हणजे नुसता रंगीत कागद. "आपण चित्र बघत नाही, आकडा बघतो," हे तो ऐटीत सांगायचा.

मी पुलावर निषेधाची पत्रकं वाटायचो; एकदा भडकून म्हटलं, "दादा, रस्ता ओलांडून मागे वळून तरी बघ, काय लावतोयस ते!"

"तू तुझी पत्रकं वाट," तो म्हणाला. "माझ्या शिडीच्या वाटेला जाऊ नकोस."

मग साबणाची जाहिरात आली. डावीकडे अंधाऱ्या कोपऱ्यात आमच्यासारखी एक पोरगी, मान खाली, फ्रॉक मळका. मध्ये फेसाने भरलेला टब. उजवीकडे तीच पोरगी खिडकीच्या उजेडात, गोरीपान, हसरी. केससुद्धा सरळ! अक्षर एक नाही. लागतं कशाला? साबणाने मळ जातो, आणि मळ कोण ते दिसतच होतं.

खळवाल्याची लेक अकरा वर्षांची, पुलापलीकडच्या शाळेत जाणारी. तिसऱ्या दिवशी शाळेच्या नळापाशी वर्गातल्या चौघींनी तिला धरलं. दोघींनी हात, एकीने केस. चौथीच्या हातात तारेची घासणी.

"निघत नाहीये गं!"

"जोरात घास. भिंतीवरच्या पोरीचं निघालंय ना!"

डाव्या गालाची साल निघाली. खालून गोरं नाही, लाल निघालं.

आईने तिच्या गालाला औषध लावलं. बाप आला तेव्हा ती म्हणाली, "बाबा, तो कागद तुम्हीच लावलात ना?"

"मी नुसते आकडे लावतो गं."

"मग माझा गाल कितव्या तावावर होता?"

त्याला माहीत होतं. "चौथ्या."

ती भिंतीकडे तोंड करून झोपली. "मी पूल ओलांडणार नाही. आणि तुमच्याशी बोलणार नाही."

दुसऱ्या दिवशी तो रुंद पटाशी घेऊन शिडीवर चढला. चौथ्या तावाखाली पटाशी घुसवून ओढली. वीस वर्षांचा थर गादीएवढा जाड, फाटत फाटत सुटायला लागला. साबणाखाली कुलपाची जाहिरात: खिडकीतून आत येणारा चोराचा हात, काळा. त्याखाली सहलीची: पुढे गोरं कुटुंब, मागे बॅगा वाहणारा काळा हमाल, मुंडकं चौकटीबाहेर छाटलेलं. त्याखाली फिनेलची: जंतू काळे, जाड ओठांचे, कुरळ्या केसांचे. सगळं त्यानेच लावलेलं, एक सुरकुती नाही.

"हाही मीच! हाही मीच!" तो ओरडत होता, ओरबाडत होता. नखं उलटली. थांब्यावरचे आधी हसले.

जाहिरातींचं काम देणारा ठेकेदार तीन माणसं घेऊन आला. "ए माकडा, उतर खाली!"

"विटा दिसल्या की उतरतो."

त्यांनी शिडीच ओढली. दोन पुरुष उंचीवरून तो फुटपाथवर आदळला, उठला आणि पटाशीने ठेकेदाराचा गाल कानापर्यंत फाडला. हे मी लपवणार नाही. पहिला वार त्याचा नव्हता, दुसरा होता. मग तिघांनी त्याला पालथा पाडला, उजवा हात फुटपाथच्या कडेवर ठेवला आणि खळीच्या लोखंडी बादलीने ठेचला. तीनदा. तिसऱ्यांदा हाडाचा आवाज थांब्यापर्यंत गेला. एक माईचा लाल उठला नाही. पोलिसांनी उचललं कुणाला? त्यालाच.

पाच दिवसांनी सुटला. चौकीच्या दारात लेक उभी, गालाला पट्टी, एकटीच पूल ओलांडून आलेली. दोघं चौकात आले, भिंतीसमोर, रस्त्याच्या या बाजूला. वीस वर्षांत त्याने पहिल्यांदा इथून बघितलं. चौथ्या तावाच्या जागी उघड्या विटा. नव्या माणसाची गाठाळ खळ तिथे धरलीच नव्हती, कागद लोंबत होता. उजवीकडे गोरी हसरी पोरगी मात्र शाबूत.

"नववा ताव आहे तो," तो म्हणाला.

"आता आकडे नका सांगू बाबा. शिडी कुठे ठेवलीय?"

"हात बघ माझा."

"डावा आहे ना? शिडी मी धरते."