बारवरचा सरळ नंबर

माझी ती पोस्टिंग पूर्वेकडच्या डोंगरात होती. इंजिनियर पलटणीची एक तुकडी, एक रस्ता, आणि रस्त्याच्या वरच्या अंगाला चीडाची, म्हणजे पाइनची, उंच झाडं. हिवाळ्यात ओलं बर्फ पडलं की ती मोडून रस्त्यावर यायची. ती कापायची आणि रस्ता खुला ठेवायचा, एवढंच आमचं काम. वरच्या पोस्टचं रेशन, रॉकेल, टपाल त्याच रस्त्यानं जायचं. तिथं असताना मी एकही गोळी चालवली नाही. हे आधीच सांगतो, कारण फौजी म्हटलं की लोक बंदुकीची गोष्ट मागतात.

मी वैनगंगेकाठच्या गावचा. नववीतून शाळा सुटली. आठवी पासच्या दाखल्यावर भरती झालो. पलटणीनं मले दोन वेळचं जेवण, अंगावर कपडा आणि हातात काम दिलं. ते उपकार मी विसरत नाही. खाली जे लिहितो आहे ते वाचून कोणी म्हणू नये की देवराव फौजेले नावं ठेवून राहिला. नावं ठेवत नाही. झालं ते सांगतो.

आमच्या तुकडीत मराठी बोलणारे आम्ही दोघंच. दुसरे हवालदार सुखदेव मेश्राम, भिलाईच्या मरोद्याचे. त्यांचे वडील भंडाऱ्याकडून कारखान्यात कामाले आले आणि तिथंच राहिले. मेश्राम माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठे. पहिल्याच दिवशी मी कडक सॅल्यूट ठोकला, तर म्हणाले, "अबे, हवालदाराले सॅल्यूट नाही मारत. कोन्या गावचा होय तू?"

गाव सांगितलं.

"मंग तर तू माह्या मामाच्या गावाजवळचा. बस. मशीनले हात लावला हायेस का कधी?"

मशीन म्हणजे चेनसॉ. तिला पुढं एक लांब लोखंडी पट्टी असते, तिच्या कडेनं चेन फिरते. त्या पट्टीले गाइड बार म्हणतात. लोकांचं सगळं लक्ष इंजिनावर आणि चेनीवर असतं. बारकडं कोणी पाहत नाही. मेश्राम आधी बारकडं पाहायचे. बारच्या कडेनं एक खाच असते, चेन त्या खाचेत बसून धावते. खाचेच्या दोन्ही कडा सारख्या उंचीच्या पाहिजेत. एक कड खाली बसली की चेन कलते. चेन कलली की लाकडातला काप सरळ जात नाही, कोयत्यासारखा वळतो.

मशीन बहुतेक वेळ बारच्या खालच्या अंगानं कापते, म्हणून ते अंग आधी झिजतं. यावर उपाय सोपा आहे. अधूनमधून बार काढायचा, खाचेतला भुसा खरवडायचा, तेलाचं भोक मोकळं करायचं, आणि बार पलटवून बसवायचा. खालचं अंग वर, वरचं खाली.

"चपाती एकाच बाजूनं भाजतेस का?" ते विचारायचे.

"नाही, उस्ताद."

"मंग पलटव."

त्या हिवाळ्यात वरून मोठे साहेब इन्स्पेक्शनला येणार असा निरोप आला. ज्यांनी फौज पाहिली नाही त्यांना इन्स्पेक्शन म्हणजे काय ते सांगून कळणार नाही. रस्त्याकडेच्या दगडांना चुना. आग विझवायच्या बादल्यांना लाल रंग. आणि प्रत्येक सामानावर पांढऱ्या रंगानं स्टेन्सिलचा नंबर. फावड्याच्या दांड्यावर नंबर, पहारीवर नंबर. मशीनच्या अंगावर जागा कमी, म्हणून तिचा नंबर बारवर टाकला. लांब, सपाट, चांगली दिसणारी जागा.

लाकडात बार गेला की रंग उडायचा. इन्स्पेक्शनच्या आधी परत मारायचा.

पहिल्या तपासणीला सुभेदार साहेब कांबळीवर मांडलेल्या सामानासमोरून चालत आले. मशीनपाशी थांबले.

"मेश्राम, यह नंबर उल्टा क्यों है?"

"साहब, बार पलटाया है. एक ही तरफ चलेगा तो किनारा घिस जाएगा."

"घिसेगा तब देखेंगे. अभी क्या दिख रहा है?"

"उल्टा नंबर, साहब."

"बस. सीधा करो."

मेश्रामनी तोड काढली. दोन्ही बाजूंना नंबर टाकू, एक सुलटा, एक उलटा. म्हणजे बार कसाही बसवला तरी बाहेरून नंबर सरळच दिसेल. सुभेदार साहेबांनी मान हलवत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "और साहब ने दूसरी तरफ से देख लिया तो?"

त्या बाजूनं नंबर उलटाच दिसला असता. साहेब दुसऱ्या बाजूनं पाहणारच. सुभेदार साहेब वाईट माणूस नव्हते. रिटायरमेंटले आले होते, आणि मागच्या इन्स्पेक्शनमध्ये एका गंजलेल्या बादलीवरून त्यांना सगळ्यांसमोर ऐकावं लागलं होतं.

त्या दिवशी बराकीत मेश्राम म्हणाले, "देवा, आजपासून आपन पालथं झोपाचं नाही. गळ्यातल्या बिल्ल्याचा नंबर सरळ दिसला पायजे."

आम्ही पोट धरून हसलो.

मग ते एक दिवसाआड कामाच्या आधी बार पलटवायचे आणि परत आल्यावर सुलटा करून ठेवायचे. थोडे दिवस चाललं. एक दिवस आम्ही कामावरून येतो न येतो तोच सुभेदार साहेब गाडीजवळ उभे. नंबर उलटा. त्यांनी आवाज चढवला नाही.

"मेश्राम, माँ की आँख का ऑपरेशन है ना तेरी?"

"जी साहब. छुट्टी मंजूर है, साहब."

"फिर से उल्टा मिला तो छुट्टी भूल जाना."

मेश्रामच्या आईले मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत. आई हट्टी. सून घेऊन जाते म्हणाली तर नाही, शेजारचे म्हणाले तर नाही. पोरगा येईन तेव्हाच डोळा उघडीन. फोन आला की एकच, "कधी येतेस बापा?" घरी तिले सगळे माय म्हणत, पुढं मीही म्हणू लागलो. रजा इन्स्पेक्शन झाल्यावर लगेच होती. त्या दिवसापासून मेश्रामनी बार पलटवला नाही.

खालचं अंग झिजत गेलं. ते कानशीनं कडा घासून सारख्या करायचे. पण घासलं की खाच उथळ होते, ते किती वेळा करणार? दुसरी मशीन दुसऱ्या तुकडीसोबत होती. नवा बार एकच होता, तो स्टोअरमध्ये शिकवणीच्या फळ्यावर स्क्रूनं बसवलेला. खाली सुंदर अक्षरांत लिहिलं होतं, गाइड बार. मागितला. मोठे साहेब फळा पाहणार होते, म्हणून मिळाला नाही.

"सुट्टीहून आलो का पह्यले तो फळा उखडतो," मेश्राम म्हणाले.

इन्स्पेक्शन झालं. मोठ्या साहेबांनी मशीन दोन्ही बाजूंनी पाहिली. शेरा आला, सामान उत्तम.

त्याच आठवड्यात बर्फ पडलं. सकाळी सहा वाजता ऑर्डर आली. वरच्या पोस्टवर एका जवानाचं अपेंडिक्स फुटलं होतं. ढगांमुळं हेलिकॉप्टर येणार नव्हतं. अँब्युलन्स रस्त्यानं खाली येणार.

आम्ही आडवी पडलेली झाडं कापत वर गेलो. आडव्या झाडात वाकडा काप चालून जातो, झटके देत ओंडका सुटतो. साडेनऊच्या सुमारास शेवटचं झाड राहिलं. ते पडलेलं नव्हतं. मुळं अर्धी उपटलेली, रस्त्यावर झुकून उभं. खालून गाडी गेली आणि ते आलं तर गाडी संपली. ते आपल्या हातानं दरीत पाडणं भाग होतं.

मेश्राम झाडाभोवती फिरले. कुऱ्हाडीचा दांडा दोन बोटांत ओळंब्यासारखा लोंबता धरून झाडाचा कल पाहिला. एकदा वरून, एकदा बाजूनं. "जराकसा उजवीकडं हाय. पन जाईन दरीत." मग पळवाट ठरवली. झाड हललं की मशीन टाकून मागं डाव्या हाताले पळायचं. तिथलं बर्फ त्यांनी स्वतः फावड्यानं साफ केलं. मले वर उभं केलं, तोंडात शिट्टी, हातात रेडिओ.

दरीच्या बाजूनं त्यांनी पाचरीसारखा तुकडा कापून काढला. मग पाठीमागून काप घेतला. झाड पूर्ण तोडायचं नसतं. दोन कापांच्या मध्ये थोडं लाकूड सगळीकडं सारखं ठेवायचं. तीच झाडाची बिजागरी. दार जसं बिजागरीवर फिरतं तसं झाड तिच्यावर वाकतं, आणि आपण ठरवलं तिकडंच जातं.

अर्ध्यात मशीन थांबली. मेश्रामनी वाकून कापात पाहिलं.

"वाकडं जाऊन राहिलं रे."

"सोडाचं का, उस्ताद?"

"गाडी कुठी पोचली, इचार."

मी विचारलं. रेडिओवर उत्तर आलं, "पुल पार. पेशंट सीरियस. रोड क्लियर है? ओव्हर."

"एक झाड बाकी. वेट. ओव्हर."

"जल्दी करो. ओव्हर."

मेश्रामनी ते ऐकलं. कापात पाचर ठोकली. मशीन सुरू केली.

झाड हललं. दरीकडं निघालं, आणि मध्येच बुंध्यावर फिरलं. शिट्टी मी वाजवली. मेश्रामनी मशीन टाकली होती. ते स्वतः साफ केलेल्या वाटेनं, मागं डाव्या हाताले, शिकवल्यासारखे पळाले. झाड त्याच वाटेवर आलं.

मी रेडिओवर सांगितलं, "वन कॅज्युअल्टी."

"नाम?"

"हवालदार मेश्राम."

"से अगेन."

मी परत सांगितलं. आवाज नीट निघाला. का निघाला ते मले आजही समजत नाही.

आम्ही सहा जणांनी फांद्या तोडून त्यांना बाहेर काढलं. तोवर अँब्युलन्स आली. नर्सिंग असिस्टंटनं मानेले हात लावला आणि काढून घेतला. रस्ता खुला झाला होता. त्याच गाडीत, त्या पेशंटच्या शेजारी, आम्ही मेश्रामना ठेवलं. पेशंट वाचला. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

गाडी गेल्यावर मी बुंधा पाहिला. बिजागरीचं लाकूड एका टोकाले चार बोटं होतं. दुसऱ्या टोकाले काहीच नव्हतं. वळलेला काप ते खाऊन गेला होता.

चौकशी बसली. मी बारचं सांगितलं. नंबरचं सांगितलं. मशीन टेबलावर आणली. विचारणाऱ्या साहेबांनी बार पाहिला, शेरा पाहिला. इन्स्पेक्शन झालेली मशीन, सामान उत्तम. नंबर सरळ होता. सुभेदार साहेब माझ्या शेजारी सावधान उभे होते.

निष्कर्ष असा आला: झाडाचा कल ओळखण्यात चालकाची चूक.

भाषा एक म्हणून पेटीसोबत मले पाठवलं. दुर्ग स्टेशनवर उतरलो, तिथून मरोदा. विहारासमोर माणूसच माणूस. मायनं पेटीवरून हात फिरवला. तिले दिसत नव्हतं. "कसं झालं?" तिनं विचारलं. सोबतच्या साहेबांनी कागदावर होतं ते सांगितलं. मी युनिफॉर्ममध्ये होतो. मीही सावधान उभा राहिलो.

पुढं मी पेन्शनीवर आलो. गावात भावांचे संसार मांडलेले, माझ्यासाठी जागा नव्हती, आणि खरं म्हणजे कामही नव्हतं. मेश्रामच्या बायकोचा, वहिनीचा, फोन आला. "रोडावरची खोली खाली हाय, भाऊजी. मशीनचं येते ना तुमाले? मंग इथं या. घरात एक मानूस होईन." मी आलो. पहिलं वर्ष त्यांच्याच ताटात जेवलो. या घराचे उपकार कसे फेडावे हे मले आजही माहीत नाही.

त्या खोलीत मशीन दुरुस्तीचं दुकान टाकलं, ते चाललं. कुरुदचे, अहिवाऱ्याचे लोक मशीन आणतात. प्रत्येकाले मोठा बार पाहिजे. मी विचारतो, किती जाड झाड कापता? तेवढाच बार घ्या. लांब बार इंजिनाले ओढवत नाही, तो फक्त खांद्यावर शोभतो. बार सपाट पट्टीवर उभा करून दाखवतो, डुलला तर कडा गेल्या. गिऱ्हाईक गेल्यावरही मले चैन पडत नाही. नट आवळले होते का, भोक मोकळं होतं का, म्हणून मागाहून फोन करतो. लोक हसतात.

मायच्या डोळ्यांचं ऑपरेशन मी आणि वहिनीनं करवून घेतलं. पट्टी निघाल्यावर काही दिवसांनी ती दुकानात येऊन बसली. तिले अक्षरओळख होती, म्हातारपणी विहारात शिकली होती. टेबलावर पलटवलेला बार होता, त्याच्यावर कंपनीची अक्षरं.

"हे उलटं कावून हाय रे?"

"असंच पायजे, माय."

तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "माह्याच पायी गेला तो. मी घाई लावली. ये ये करून राहिली होती ना फोनवर. त्याचं ध्यान नाही राह्यलं झाडाकडं."

इतकी वर्षं ती हे धरून बसली होती. मी कानस खाली ठेवली आणि तिले सगळं सांगितलं. नंबर, इन्स्पेक्शन, वळलेला काप, बुंधा. "त्यायनं झाड बरोबर ओळखलं होतं, माय. त्यायचं ध्यान होतं. बार पलटवू नका असा हुकूम होता."

"मंग आयकला कावून त्यानं हुकूम? लहानपनी तर कोनाचं आयके नाही."

"फौजेत आयका लागते."

तिनं मान डोलावली. "चाल, चूक नाही ना त्याची," म्हणाली, आणि डोळ्यांतून पाणी काढलं. ऑपरेशनच्या डोळ्याले हात लावू नये म्हणून मी तिचा पदर तिच्या गालाशी धरला.

रजेचं मी सांगितलं नाही. हुकूम का ऐकला, ते तिले समजू दिलं नाही. वहिनीलाही माहीत नव्हतं. माय मागच्या पावसाळ्यात गेली. त्या रात्री वहिनीले सांगितलं. तीच म्हणाली, आता लिहा. म्हणून लिहितो.

युनिटच्या स्मारकाच्या दगडावर मेश्रामचं नाव नाही. तो दगड लढाईत गेलेल्यांचा आहे. मरोद्याच्या विहारात त्यांच्या गेल्याच्या दिवशी आम्ही वंदना घेतो, दहा-पंधरा माणसं असतो. कधी कोणी नवीन माणूस विचारतो, हे कसे गेले? वस्तीतली पोरं म्हणतात, झाड पडलं अंगावर. मी उठून उभा राहतो आणि दरवर्षी तेच सांगतो.

हवालदार सुखदेव मेश्राम. रस्ता खुला केला. झाड ओळखायले चुकले नाहीत.