सुई उचलली तेव्हा

रेकॉर्डची दुसरी बाजू लागली की मी चहा टाकायला उठायचे. ही सवय मला बाईंनीच लावली होती. रेकॉर्ड संपता संपता कप हातात आला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं असे.

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही शेवगावकडचं गाव सोडून नगरला आलो. आमचे मालक भिंगारला एका गोदामात हमालीला लागले आणि मी या म्हाताऱ्या जोडप्याकडे स्वयंपाकाला. साहेब लष्करातून निवृत्त झालेले. बाई पूर्वी शाळेत शिकवायच्या. मूलबाळ नव्हतं. रविवारी चार वाजता दोघं ती विलायती रेकॉर्ड लावून बसत. शंभर माणसं एकदम वाजवतात, असं बाई सांगायच्या आणि मलाही दाराशी बसवून घ्यायच्या.

पहिल्यांदा कुणी विहिरीच्या तळाशी कण्हतंय असं वाटायचं. मग मध्येच इतकं गोड काही यायचं की मला माहेर आठवे. त्यानंतरचं झोक्यासारखं होतं, पण झोका जरा लंगडा. मग साहेब रेकॉर्ड उलटी करत आणि मी स्वयंपाकघरात जाऊन स्टोव्हला पंप मारी. स्टोव्ह भरभरायला लागला की बाहेरचं फक्त मोठं मोठंच ऐकू येई. कॅम्पात पलटणीचा बँड निघावा तसं ढमाढम काहीतरी वाजायचं आणि दणक्यात थांबायचं. मला वाटे, संपली. दूध उतू जाईल म्हणून मी पातेल्यापासून हलत नसे. चहा घेऊन बाहेर जावं तर दोघंही गप्प बसलेले असत.

मग चहा पिताना त्या ढमाढमवरून भांडण ठरलेलं. साहेब म्हणायचे, "ती जीत खरी नव्हेच. बळेच हसल्यासारखी आहे."

बाई म्हणायच्या, "खरीच आहे हो. खरी आहे म्हणून तर पुढचं सोसत नाही."

पुढचं म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. मोठ्या माणसांच्या बोलण्यात तोंड घालायची मला लाज वाटे. एकदा बाई म्हणाल्यासुद्धा, "बस की गं, आज चहा उशिरा झाला तर काय होतंय?" मी नुसती हसले आणि स्टोव्हकडे गेले.

पुढच्या वर्षी बाई गेल्या. आठ दिवसांचा ताप आणि संपलं. साहेब रडले नाहीत. स्मशानातून आले, हातपाय धुतले आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसले. शेजारची खुर्ची तशीच रिकामी ठेवली.

पाचव्या दिवशी दुपारी बाया भेटायला आल्या. त्यांच्यात माझी मावससासूही होती. आमच्याकडे भेटायला गेलं की आधी गळ्यात पडून रडायचं, गेलेल्या माणसाचे गुण बोलायचे, मग पदराने तोंड पुसून बसायचं. पण गळ्यात पडावं असं या घरात कुणी बाईमाणूस नव्हतं. बाया ओसरीवर अवघडून बसल्या. मी पाणी दिलं. तेवढ्यात आतून ढमाढम सुरू झालं.

मावससासूचा तांब्या हातातच राहिला. "अगं बया, सुतकात बँड?"

दुसरी म्हणाली, "म्हाताऱ्याला लई उल्हास आलाय जनू."

"आता घोडं सजवायचं तेवढं ऱ्हायलंय," तिसरी पदरात तोंड खुपसून म्हणाली आणि तिचे खांदे हलायला लागले. ती रडत नव्हती.

मावससासू माझ्याकडे बघून म्हणाली, "हितं काम करतीस व्हय गं तू?"

मला कुणी ऊठ म्हटलं नव्हतं. मी आपणच उठले. कान तापले होते. साहेब खुर्चीत डोळे मिटून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. त्यांना न विचारता मी पुढे झाले आणि सुई उचलली. उचलली कसली, घाईत ती रेकॉर्डवरून खर्रकन ओढली गेली.

साहेबांनी डोळे उघडले. रागावले नाहीत. म्हणाले, "आता येत होतं गं."

"बाया आल्यात, साहेब. सुतकात वाजंत्री बरी दिसत न्हाई."

ते खुर्चीचे हात धरून उठले. सदरा नीट केला, बाहेर जाऊन सगळ्यांना हात जोडले. बाया निघाल्या तेव्हा फाटकापाशी मावससासू म्हणाली, "बायकू गेली आन् डोळ्यात टिपूस न्हाई. कसली मानसं ही."

मी फाटकाची कडी लावली.

तेरावं झाल्यावरच्या रविवारी चार वाजता साहेबांनी पुन्हा रेकॉर्ड लावली. एकट्यासाठी चहा नको म्हणाले, म्हणून स्टोव्ह बंद होता. मी दाराशी उभी राहिले. ढमाढम ऐन भरात आलं आणि अडकलं. तेच दोन ठोके पुन्हा पुन्हा. माझ्या हाताने पडलेली चीर होती ती. साहेब उठले, सुई उचलून पुढे ठेवली.

आणि मी ते पुढचं पहिल्यांदा ऐकलं. आमच्या बायांसारखंच होतं ते. गळा काढून रडणं, मग दमणं, पुन्हा हुंदका, आणि शेवटी नुसता श्वास चालतो तसं खोल खोल काहीतरी, तेही थांबलं. इतकी माणसं मिळून एकासाठी रडत होती, आणि मी त्यांना पाचव्या दिवशी दारातून परत घालवलं होतं.

साहेबांचे डोळे कोरडेच होते. "मधूनच सुरू केलं की रडू नाही येत," ते म्हणाले. मला नव्हे, शेजारच्या खुर्चीला म्हटल्यासारखं.

त्यांची माफी मागावी म्हणून मी तोंड उघडलं. तोंडून निघालं, "चहा टाकू?"

"टाक," ते म्हणाले.

आत जाऊन मी स्टोव्हला नेहमीपेक्षा जास्त पंप मारला. त्या भरभरण्यात मला रडता आलं. ते रडणं त्यांच्या वाट्याचं होतं.