न पुसणारी तीट

सासूबाईंनी नव्या गाडीला बांधायला आणलेलं लिंबू मी सरबतात पिळलं होतं... म्हणजे मी कुठल्या गटातली, ते कळलं असेल. दृष्ट, नजर वगैरे मी मानत नाही. लहान मुलांच्या हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे एको, करणं हे माझं काम. दिसलं तेच लिहायचं – बस्स.

गेल्या वर्षीची गोष्ट. वाशीतलं आमचं हॉस्पिटल, तळमजल्यावरची एको रूम, भर दुपार. टेबलावर चार महिन्यांची मुलगी. हृदयाला मोठं छिद्र, दूध ओढताना धाप लागायची. ते बंद करायचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी ठरलेलं, त्याआधी मी शेवटचा एको करत होते. सोबत आई आणि आजी – खाडीकाठच्या गावातल्या.

फुप्फुसांकडून हृदयात येणाऱ्या चार शिरा बघाव्या लागतात. उजव्या दोन स्वच्छ दिसल्या. डाव्या दोन... दिसल्यासारख्या वाटल्या. पोर हातपाय झाडत किंचाळत होती, बाहेर रांग लागलेली. असतील जागेवर, म्हणून मी आवरतं घेतलं.

छातीवरचं जेल पुसताना डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली, काळा ठिपका दिसला. तीट! आता हे काजळ माझ्या मशीनला फासणार, म्हणून मी चिडले. टिश्यूने घासलं. जाईना. आणखी जेल लावून घासलं... आणि इतका आकांत करणारी पोर एकदम गप्प झाली. माझ्याकडे टक लावून बघत राहिली.

"म्याडम, ती पुसाची नाय. जल्मापासून हाय," आई म्हणाली.

शांत झालीच आहे तर बघून घेऊ, म्हणून मी मशीनचा प्रोब, छातीवर फिरवायचा तो दांडा, त्याच ठिपक्यावर टेकवला. स्क्रीनवर एक जाडजूड शीर दिसली – तिथे असायलाच नको अशी. डाव्या फुप्फुसाचं सगळं रक्त हृदयात न येता तिच्यातून वर, मानेकडे चाललं होतं. नुसतं छिद्र बंद केलं असतं, तर पोर बहुतेक हाती लागली नसती.

आजी मागून बोलायला लागली. "हिच्या आदीची एक गेली आमची. ती पन अशीच दमायची. निमोनिया सांगला. मातीत ठेवताना मीनी तव्याची काजली लावली तिला, तिथंच... परत आली त वलखाया."

अंगावर सर्रकन काटा आला. जन्मखूण असेल, योगायोग असेल – शंभर वेळा स्वतःला समजावलंय. पटत नाही.

ऑपरेशनचा बेत बदलला, सर्जननी शिराही जोडल्या, मुलगी वाचली. नंतर तपासणीला आणली तेव्हा चांगली गुटगुटीत झाली होती. मी खुशीत होते. आई मात्र निघताना दारात घुटमळली.

"म्याडम, पयलीची पन हीच शीर चुकलेली का?"

"तिचा एको कोणी केलाच नाही ना गं. आता कसं सांगणार?"

तिने पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"मंग ही बोलाया लागली का हिलाच इचारीन."