पुडी आणि कोवळं ऊन

सत्य सांगताना मी कधी कचरलो नाही — असं माझ्या निवृत्तीच्या समारंभात तीन वक्ते म्हणाले. चौथ्याला वेळ उरला नव्हता. आता जे सांगतो, ते मात्र बायकोलाही ठाऊक नाही.

माझ्या डोक्यात चाई पडली होती — केस जाऊन गोल चट्टे. शरीर आपल्याच केसांवर उलटतं, असा हा आजार. केसांसाठी नागपूर गाठणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केलेली — आता कोणत्या तोंडाने जाणार? टोपी घालून गेलो. चोरून. डोक्याच्या कातडीत इंजेक्शनं घेत राहिलो. रक्तात ‘डी’ जीवनसत्त्वही कमी निघालं, म्हणून दुधातून घ्यायला पुड्या मिळाल्या. यवतमाळच्या उन्हात राहून! हा विनोद मला फार आवडला. केस आले तेव्हा तोच सांगत सुटलो — पुडी आणि कोवळं ऊन, बस. इंजेक्शनं गाळली. एवढंसं गाळलं तर कोणाचं काय बिघडतं?

आमच्या बोरी अरब गावात माझी स्कूटर दुरुस्त करतात ते रफिकभाई. त्यांच्या मुलीला, नाझनीनलाही चाई पडली. नागपूरच्या डॉक्टरांची तारीख मिळाली होती. त्याआधी ते मला विचारायला आले — गावात माझ्या शब्दाला वजन, कारण मी कशावरच विश्वास ठेवत नाही.

“सर, खरं सांगा. निस्ती पुडीच न? मंग नागपूर कायले?”

एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, “निस्ती पुडी, रफिकभाई.”

त्यांनी तारीख रद्द केली.

डोक्यावरची ओढणी कधी ढळू न देणारी ती पोरगी रोज सकाळी गच्चीवर उघड्या डोक्याने बसू लागली. माझ्या खिडकीतून दिसायची. चट्टे एकमेकांना मिळाले. मग भुवया गेल्या. एकदा रस्त्यात तिने विचारलं, “सर, आनखी किती दिवस बसू मी उनात?”

धीर धर, म्हणालो. घरी येऊन खिडकीला पडदा लावला.

वर्षभराने ते नागपूरला गेले. वेळेवर आणली असती तरी केस आलेच असते असं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. हे वाक्य मी किती वेळा मनात घोळवलंय — पण “निस्ती पुडी” म्हणताना ते मला कुठे ठाऊक होतं?

नाझनीन आता गच्चीवर येत नाही. रफिकभाई लोकांना सांगतात, सरांनी तर चांगलंच सांगितलं, आमचंच नशीब खराब. मी शेजारी उभा राहून ऐकतो.

माझे केस दाट आहेत. भराभर वाढतात. उद्या पुन्हा कटिंगला जायचं आहे.